पन्नास पिंपं पाणी

मी मुरबाडचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बीटेक, आता सॉफ्टवेअरची नोकरी. आजचा भाग इंग्रजीवर आहे, पण सुरुवात पाण्यापासून करू.

माझी मावशी शहापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, बायका टँकरची वाट बघत बसतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मावशीचा फोन आला. "अरे, पन्नास घरं आहेत. घरटी एक पिंप पाणी मिळालं तरी दोन दिवस निघतील बघ."

मी हिशोब केला. एक पिंप 200 लिटरचं. 50 पिंपं म्हणजे 10,000 लिटर, म्हणजे साधारण एक टँकर. ऑफिसच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकला, 'वी नीड फिफ्टी वॉटर ड्रम्स.' पोरांनी लगेच वर्गणी काढली. शनिवारी वाडीत टेम्पो आला. आत 50 निळी पिंपं. नवी कोरी आणि रिकामी.

मावशी म्हणाली, "पिंपं छान आहेत रे. पाणी कुठाय?"

चूक पोरांची नव्हती, माझीच होती. इंग्रजीत दोन नामं अशी शेजारी बसली की खरी वस्तू असते ती शेवटची. पहिलं नाम फक्त तिचा प्रकार सांगतं. 'टी कप' म्हणजे कप, चहासाठीचा. धुऊन पालथा घातला तरी तो टी कपच. 'अ कप ऑफ टी' म्हटलं की मात्र त्यात चहा आलाच. म्हणून हातातून पडून फुटतो तो टी कप आणि आपण पितो तो कप ऑफ टी. 'मॅचबॉक्स' रिकामी असू शकते, 'बॉक्स ऑफ मॅचेस'मध्ये काड्या असतात. तसंच 'वॉटर ड्रम' म्हणजे पाण्यासाठीचं पिंप. मला म्हणायचं होतं 'फिफ्टी ड्रम्स ऑफ वॉटर'.

आपला गोंधळ होतो कुठे? मराठीत 'चहाचा कप' दोन्हीकडे चालून जातो. 'चहाचा कप फुटला' आणि 'चहाचा कप गार झाला', दोन्ही बरोबर. ऐकणारा समजून घेतो. आणि माप सांगायचं असेल तर आपण मध्ये काहीच घालत नाही. एक कप चहा, दोन तांबे पाणी, पन्नास पिंपं पाणी. हेच डोक्यात ठेवून आपण 'वन कप टी', 'टू ग्लास वॉटर' म्हणतो. इंग्रजीला तिथे 'ऑफ' लागतो. अनेकवचन भांड्याचं होतं, 'टू कप्स ऑफ टी'. आतली वस्तू मोजता येणारी असेल तर तिचंही होतं, 'अ बॉक्स ऑफ मँगोज', आंब्यांची पेटी.

आपल्या 'भर'ला इंग्रजीत जवळचा भाऊ आहे, 'फुल'. चमचाभर म्हणजे स्पूनफुल, बादलीभर म्हणजे बकेटफुल. आपल्याकडे पायली हे भांडंही आहे आणि मापही. पण 'पायलीभर तांदूळ' म्हटलं की कुणी रिकामी पायली आणून देत नाही. 'भर' आला की शंका संपली.

लक्षात ठेवायला एक सोपी युक्ती सांगतो. लिहिण्याआधी स्वतःला विचारा, आतलं सगळं ओतून टाकलं तरी हे नाव टिकेल का? टिकत असेल तर तुम्ही भांड्याबद्दल बोलताय. आतली वस्तू हवी असेल तर 'ऑफ' घाला. दुकानात 'वॉटर बॉटल' मागितली तर भरलेली मिळते, कारण तुम्हाला तहान लागलीय हे समोरच्याला दिसतं. मेसेज वाचणाऱ्याला ते दिसत नाही. ऑफिसमधल्या पोरांनी वाडी कधी बघितलीच नव्हती. त्यांना वाटलं, पाणी साठवायला पिंपं हवी असतील.

त्या रात्री मी दुसरा मेसेज टाकला, या वेळी 'ऑफ' घालून. पण वर्गणी संपलेली, त्यामुळे निम्म्याहून जास्त पैसे माझ्या पगारातून गेले. टँकर सोमवारी आला. मधले दोन दिवस वाडीने कसे काढले, हे मावशीने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र झाली. एरवी टँकर विहिरीत ओततात आणि मग विहिरीवर झुंबड उडते. त्या सोमवारी दारादारात पिंप होतं. ड्रायव्हरने पाइप फिरवला आणि प्रत्येक पिंप काठोकाठ भरलं. मावशीचं घर टोकाला, तिचं सगळ्यात शेवटी. भरल्यावर तिने फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आता झालं बघ पिंपभर पाणी."

तुमची अशी एखादी फजिती झाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!