घरी बांधलेले विमान आणि आगीची भिंत



विमान म्हटले की मोठमोठे कारखाने डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु मुंबईच्या कांदिवली उपनगरात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१६ साली ते प्रदर्शनात मांडले, तेव्हा या समजाला धक्का बसला. अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. हौशी विमानकर्त्यांची संघटना तेथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केली. विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा विरंगुळ्यासाठी केलेले असावे, अशी तेथील कायद्याची अट आहे. कारखान्यातील विमानांचे सगळे नियम मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाहीत. या मोकळिकीबरोबरच जबाबदारीही येते आणि ती सर्वांत अधिक जाणवते आगीच्या बाबतीत.

लहान विमानात इंजिन बहुधा नाकाशी असते. तेथे पेट्रोल आहे, तेल आहे आणि लाल होण्याइतकी तापणारी धुराची नळीही आहे. या सर्वांच्या आणि वैमानिकाच्या पायांच्या मध्ये असते ती केवळ पत्र्याची एक भिंत. कारखान्यातील लहान विमानांसाठी अमेरिकन नियमांनी दीर्घकाळ या भिंतीस ०.०१५ इंच जाडीचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, स्टेनलेस स्टील पुरेसे मानले. सुमारे १,०९० अंश सेल्सिअसची ज्वाला भिंतीने पंधरा मिनिटे अडवावी, ही कसोटी. अॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. त्यामुळे ते वजनाला हलके असले तरी येथे निरुपयोगी ठरते.

परंतु ज्वाला अडली म्हणजे उष्णता अडली, असे नव्हे. पोलादी पत्रा वितळत नाही, पण तापून लाल होतो आणि पलीकडे धग फेकू लागतो. आवाज कमी व्हावा म्हणून वैमानिकाच्या बाजूने फोम किंवा गालिचा चिकटवलेला असेल, तर तोच धुमसू लागतो. भिंत शाबूत राहते, आणि आत विषारी धूर कोंडतो. म्हणून जाणते विमानकर्ते सिरॅमिक लोकरीचा थर इंजिनाच्या बाजूस लावतात आणि त्यावर स्टेनलेस स्टीलचा अतिपातळ पत्रा घट्ट बसवतात. त्याच्या कडा बंद केल्या नाहीत, तर लोकर तेल शोषून घेते आणि रक्षकच इंधन बनतो.

दुसरा प्रश्न छिद्रांचा. या भिंतीतून विजेच्या तारा, इंधनाची नळी, इंजिनाच्या नियंत्रणाच्या केबल जातात. तेथे रबरी कडे बसवले, तर ते क्षणात जळते आणि ज्वालेला वाट मिळते. तेथे पोलादी जोड व उष्णतेने फुगून फट बुजवणारे लेपनच हवे. आग न लागताही ही दक्षता उपयोगी पडते. कारण त्याच फटींतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू आत शिरू शकतो.

१९७५ साली उडालेल्या बर्ट रुटान यांच्या व्हॅरिईझ विमानाने फोम व काचतंतूंची बांधणी लोकप्रिय केली. तेथे इंजिन पाठीमागे असते. घरगुती तापमानाला घट्ट होणारे सामान्य इपॉक्सी शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागते. म्हणून अशा विमानात आगीइतकीच रोजच्या धगीचीही काळजी घ्यावी लागते: धुराच्या नळीजवळ चकचकीत पत्र्याची ढाल लावायची आणि मध्ये हवेला वाहण्यास जागा सोडायची.

तीन हजार फुटांवरून मिनिटाला दीड हजार फूट वेगाने उतरले, तरी जमीन गाठण्यास दोन मिनिटे लागतात. मोकळे शेत शोधण्याचा वेळ वेगळाच. तेवढा अवधी मिळवून देणे, एवढेच त्या भिंतीचे काम. म्हणून तिचा छोटा नमुना करून, छिद्र व लेपनासह, ब्लोलॅम्पच्या ज्वालेसमोर धरावा आणि मागच्या बाजूचे तापमान मोजावे. कायद्याने ज्याला शिक्षण म्हटले आहे, त्याचा खरा अर्थ हाच: ज्या चुकीची किंमत आकाशात मोजावी लागेल, ती जमिनीवरच शोधून काढणे.