मागच्या बाकावरचा गोंधळी



हदगावच्या शाळेत आपल्या वर्गातला एक जण पहिल्या तासाला डुलक्या घ्यायचा. आपण हसायचो. तो रात्रभर वडिलांमागे दिवटी धरून उभा असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

तुळजाभवानीचे ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. हा रेणुराई गोंधळी. देवदेवतांना आवाहन, मग आख्यान, साथीला संबळ-तुणतुणं. सगळं तोंडपाठ! अन् आपण त्याला ‘ढ’ म्हणायचो.

माझ्या मुलीच्या लग्नाचा गोंधळ त्यानंच घातला. पहाटे आरती झाल्यावर म्हणाला, “लेकरू शिकलं, पण संबळ धरीना. सुपारीच येत नाही, तर कशाला धरील?”

तो आज मागच्याच रांगेत बसलाय. मित्रा, माफ कर. आणि बाकीच्यांनो, घरच्या कार्याला डीजे सांगण्याआधी त्याला सुपारी द्या.