नृत्याची पदवी



घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी मुलगी बारावी झाली की घरात विचार सुरू होतो. कुणी नर्सिंग सुचवतो, कुणी बी.ए. पण गॅदरिंगमध्ये ताल अचूक धरणारी एखादी पोरगी म्हणाली, "मला नृत्य शिकायचं आहे," तर? आजी लगेच विचारणार, "नाचून काय पोट भरते, बाप्पा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आधी हे शिक्षण असते तरी कसे, ते पाहू.

कॉलेजात नृत्य शिकायचे म्हणजे नुसते नाचायचे नव्हे. कथक घेतले तर तीनतालाच्या 16 मात्रा हातावर धरून बोल तोंडाने म्हणायचे. याला पढंत म्हणतात. मग तेच बोल पायांतून काढायचे. नाट्यशास्त्रही वाचावे लागते. त्यात एका हाताच्या 24 आणि जोडहातांच्या 13 मुद्रा सांगितल्या आहेत. शिवाय संगीत, इतिहास आणि साहित्य आहेच. पदाचा अर्थ कळला नाही, तर चेहऱ्यावर दाखवणार काय?

म्हणूनच नृत्याचे आणि पुस्तकांचे वैर नाही. रोहिणी भाटे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि 1947 साली त्यांनी 'नृत्यभारती' काढली. मुंबईच्या कनक रेळे कायदा शिकलेल्या. त्यांनी उभ्या केलेल्या 'नालंदा' महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची नृत्याची पदवी मिळू लागली. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र सुरू झाले.

आपल्या वऱ्हाडकरांना मात्र छत्तीसगढातले खैरागढ अधिक सोयीचे. तिथल्या राजघराण्याने आपला राजवाडा दिला आणि 1956 साली त्यांच्या कन्येच्या नावाने इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. नागपूरहून रेल्वेने डोंगरगढ किंवा राजनांदगाव गाठावे, पुढे मोटारीने जावे.

आता पोटाचा प्रश्न. रंगमंचावर नाव थोड्यांचेच होते, हे खरे. बाकीच्यांना शाळेत शिकवून किंवा स्वतःचा वर्ग चालवून जम बसवावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. तेव्हा घाई नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्यपरीक्षा शाळेत असतानाच देता येतात. दोन-तीन परीक्षा झाल्या की आवड टिकाऊ आहे की चार दिवसांची, ते मुलीलाही कळते आणि आईबापालाही. शिवाय 2020 च्या शैक्षणिक धोरणाने कला आणि इतर विषय एकत्र शिकण्याला मोकळीक दिली आहे. नृत्याच्या जोडीला मराठी, संस्कृत किंवा मानसशास्त्र घेतले, तर हाती दुसरे साधन राहते.

आणि नृत्य हे काही आपल्याला परके नाही. दिवाळीत गोंड आणि कोलाम पोडांवर दंडार रंगते, होळीला तांड्यावर लेंगी होते. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागातले कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. दंडारीत वाढलेल्या पोराचे कान ढोलाच्या ठेक्याला आधीच तयार असतात. कॉलेजात जाताना त्याने ही शिदोरी लपवू नये, बरोबर न्यावी.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल, तर गॅदरिंग संपल्यावर त्याला विसरू नका. त्याच्या घरी जा. आजीचा प्रश्न नीट ऐकून घ्या आणि खर्च, वर्षे, नोकरी यांचा खरा हिशेब तिच्यापुढे मांडा. मग होकार मिळो की नकार, तो निदान समजून दिलेला असेल.