मुलांच्या घरीं कोणतें जनावर पाळावें?

घरांत मुलें असलीं म्हणजे आज ना उद्यां एखादें जनावर पाळण्याचा हट्ट निघतोच. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजाराबद्दल ती प्रसिद्ध आहे. तेथें कुत्र्यांचेंहि प्रदर्शन होतें. अशा यात्रेंत एखाद्या पिलासाठीं अडून बसलेलें मूल आणि "घेऊन टाकूं" म्हणणारे वडील हें दृश्य कांहीं नवें नव्हे. परंतु त्या एका शब्दानें दहा-बारा वर्षांची जबाबदारी घरीं येते, हें त्या गर्दींत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

नांदेड-लातूर शहरांतील पुष्कळ कुटुंबें दोन-तीन पिढ्यांपूर्वीं खेड्यांतलीं. कंधारकडची तांबडी लाल कंधारी किंवा देवणीची काळी-पांढरी गाय त्यांच्या दारीं बांधलेली असे. नुकत्याच व्यालेल्या गाईजवळ जाऊं नये, बैलाच्या पाठीमागून एकाएकीं येऊं नये, खात असलेल्या कुत्र्यास डिवचूं नये, हें त्या घरच्या मुलास कोणी मुद्दाम बसवून शिकविलें नाहीं. वडील माणसांच्या मागें हिंडतां हिंडतां तें त्यास कळलें. शहरांतील मुलास ही शाळा लाभत नाहीं. म्हणून तें शिकविणारें आणि जनावराकडे रोज पाहणारें प्रौढ माणूस घरांत आहे काय, हा पहिला प्रश्न होय. कोणतें जनावर, हा त्यानंतरचा.

"मीच त्याला फिरवीन, मीच खायला घालीन," असें वचन मुलें मनापासून देतात. तें खोटें नसतें. पण तें टिकत नाहीं. लातूर पॅटर्नच्या गांवीं तर दहावी-बारावीच्या मुलाचा सबंध दिवस शाळा आणि शिकवणी यांतच जातो. अखेर पहांटे उठून सांखळी हातीं घेण्याचें काम आईवर किंवा आजोबांवर येतें. तेव्हां ज्यांच्यावर हें काम पडावयाचें, त्यांची संमति आधीं घ्यावी. ती नसेल तर उत्तम जातीचें जनावरहि त्या घरास अयोग्यच.

यानंतर पाहावयाचें तें हवापाणी. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकीतच तें अंगांतील उष्णता घालवितें. त्यामुळें बर्फाळ प्रदेशांतील दाट केसांचा हस्की किंवा बसक्या नाकाचा पग येथें वैशाखांत हाल भोगतो. चित्रांत शोभतो म्हणून त्यास आणणें ही भूतदया नव्हे. पाण्याचेंहि तसेंच. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस सुमारें पांच लाख लिटर आलें. माशांची कांचपेटी दिसावयास सोपी. पण तिचें कांहीं पाणी वरचेवर बदलावें लागतें. टंचाईच्या दिवसांत तें कोठून आणावयाचें, याचा विचार पेटी घेण्यापूर्वींच व्हावा.

लातूर भागांतील कारवान कुत्रा येथील हवेस चांगलाच मानवतो. लांब पाय, निमुळतें तोंड, आंखूड केस; सशामागें धांवण्यासाठींच जणूं त्याची घडण. रेशमी केसांचा पश्मी हा त्याचाच भाऊबंद. परंतु त्यास रोज मोकळें धांवावयास हवें आणि परक्याचा हात त्यास सहसा रुचत नाहीं. शेत असलेल्या घरीं तो भूषण ठरेल. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत त्याचीहि कुचंबणा आणि मुलांचीहि. तेथें माणसाळलेलें, निरोगी गांवठी पिलूं पुष्कळदां अधिक सोयीचें. तें येथल्याच उन्हांत वाढलेलें असतें आणि त्याचें मोलहि द्यावें लागत नाहीं.

कुत्र्यास वेळ देणें शक्य नसेल तर मांजर बरें. ससा मऊ दिसला तरी उन्हाला आणि मुलांच्या घट्ट मिठीला तो फार नाजूक. जुन्या घरांतून पोपटाचा पिंजरा असे. परंतु वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानें देशी पोपट पाळण्यास मनाई आहे. घरांत मूल पांच वर्षांखालील असेल तर थोडें थांबावें. त्या वयांत शेपूट ओढणें हा खेळ वाटतो आणि जनावराचें गुरगुरणें कळत नाहीं. लहान मूल आणि कुत्रें यांस, तें कितीहि गरीब असो, एकटें सोडूं नये.

येथें एक गोष्ट श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. परंतु त्यापूर्वीं वेळेवर उपाय केल्यास तो टळतो. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास लस टोचून ती वाट दाखविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें संशयित पिसाळलेल्या जनावरांनीं चावलेल्यांपैकीं सुमारें ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुलें असतात. यास्तव पिलूं तीन महिन्यांचें होतांच त्यास लस टोंचून घ्यावी आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती पुन्हां द्यावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास ती जागा पंधरा मिनिटें साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुवावी. हळद, चुना, तिखट कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. आपल्या घरच्याच कुत्र्यानें ओरबाडलें तर मूल बोलण्याच्या भीतीनें तें लपवितें. "चावलें तर सांग, कोणी रागावणार नाहीं," हें वाक्य जनावर घरांत येण्यापूर्वींच मुलाच्या कानीं पडलेलें असावें.

ज्यांचा निश्चय होत नसेल त्यांनीं एक महिना असें करून पाहावें. अंगणांत किंवा सज्जांत पक्ष्यांसाठीं पाण्याचें मातीचें भांडें ठेवावें. तें रोज घासून भरण्याचें काम मुलाकडे द्यावें आणि मुलाबरोबर पहांटे अर्धा तास फिरून येण्याचें काम वडिलांनीं पत्करावें. महिनाअखेर दोन्हीं कामें बिनतक्रार चालूं असतील तर पिलूं खुशाल आणावें. तीं बंद पडलीं असतील तर घरची परीक्षा एका मुक्या जिवाचे हाल न होतां झाली, असें समजावें. आणि मूल थोडें मोठें झाल्यावर हा विषय पुन्हां काढावा.