शिस्त आणि जाच

कामाच्या ठिकाणी शिस्त हवी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मालात खोट निघाली तर मालकाने कारागिरास विचारावे, हिशेबात चूक झाली तर वरिष्ठाने कारकुनास समज द्यावी, हे रास्तच होय. परंतु शिस्तीचाच अंगरखा चढवून पुष्कळदा जाच वावरत असतो, आणि तो ओळखू येत नाही म्हणूनच दीर्घकाळ टिकतो.

या दोहोंतील भेद कसा जाणावा? शिस्तीचे बोलणे कामासंबंधी असते, जाचाचे माणसासंबंधी. शिस्त सर्वांस सारखी लागू होते. जाच एकालाच वेचून काढतो. साड्यांच्या विणकामाबद्दल पूर्वापार ख्याती असलेल्या शहापुरासारख्या गावात हा भेद सहज समजेल. खोट निघाली म्हणून ठरल्याप्रमाणे मजुरी कापणे हा व्यवहार झाला. तशीच खोट इतरांच्या मालात खपवून घ्यावयाची आणि एकाचीच मजुरी कापावयाची, चारचौघांत त्याच्या बापाचा उद्धार करावयाचा, घेतलेल्या उचलीची रोज आठवण करून द्यावयाची, हा जाच होय. कचेरीत त्याचे रूप अधिक सभ्य असते. हातचे काम काढून घेतले जाते, आवश्यक निरोप मुद्दाम दिले जात नाहीत, रजेचा अर्ज विनाकारण अडकून पडतो.

एखाद्या दिवशी मालक तापला म्हणून तो जाच ठरत नाही. मात्र अंगावर हात टाकणे किंवा स्त्रीच्या अब्रूला धक्का लावणे हे एकदा घडले तरी पुरे आहे.

सोसणारा गप्प का राहतो? पोटाचा प्रश्न असतो, उचलीचे ओझे असते, आणि हळूहळू दोष आपलाच असावा असेही त्याला वाटू लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ही कोंडी कशी फुटते, याचे उदाहरण बेळगाव जिल्ह्यातच आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी धूळ, तुटपुंजी मजुरी आणि वरच्यांची अरेरावी वर्षानुवर्षे सोसली. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या आणि एकेकीचे गाऱ्हाणे सर्वांची मागणी बनले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. त्यात या स्त्रिया स्वतःच आपली हकीकत सांगतात. एकटीने बोलण्याची भीती सोबतीने कमी होते, हा त्या लढ्याचा धडा आहे.

म्हणून जाच होत असल्यास पहिली गोष्ट, तो मनात न ठेवता विश्वासातल्या सहकाऱ्यास सांगावा. दुसरी, काय घडले, कोणत्या तारखेस आणि कोणासमक्ष, याची वहीत नोंद ठेवावी. रागाच्या भरात उलट शिवी देण्यापेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडते. तिसरी, तक्रार लेखी द्यावी, तिची प्रत जवळ ठेवावी आणि संघटना असल्यास तिला बरोबर घ्यावे.

स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान कारखान्यातील स्त्रीस, किंवा प्रत्यक्ष मालकाविरुद्धच तक्रार असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. इतर प्रकारच्या जाचासाठी मात्र भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या छळाविरुद्ध करार संमत केला असला, तरी गावोगावच्या कारखान्यांत खरा आधार सहकाऱ्यांचाच उरतो.

या सहकाऱ्यांवरच बरेच अवलंबून असते. शेजारच्या मागावरील माणसाचा अपमान होत असता जो खाली मान घालून हसतो, तो नकळत जाच करणाऱ्याचा हात बळकट करतो. त्याने नुसते न हसता राहावे, सुट्टी होताच त्या माणसापाशी जाऊन दोन शब्द बोलावे आणि प्रसंग पडल्यास पाहिले ते खरे सांगावे. एवढे केले तरी सोसणारा एकटा राहत नाही.