सामाईक भिंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'घर' या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. सजावट किंवा स्वयंपाकघराची मांडणी यांवर मी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र आज बोलणार आहे भिंतीबद्दल. दोन घरांच्या मध्ये जी एकच भिंत असते, तिच्याबद्दल.

माझे माहेर वाईचे, सासर सांगलीचे, आणि संसार झाला इथे साताऱ्यात. या तिन्ही गावांच्या जुन्या आळ्यांत आणि पेठांत घरे एकमेकींना खेटून उभी आहेत. एक घर पाडायला काढले की शेजारणीच्या काळजात धस्स होते. कारण पडणारी भिंत अर्धी तिची असते.

मागे लेकीकडे इंग्लंडात जाणे झाले, तेव्हा तिने मला बाथ नावाचे गाव दाखवले. तेथे 'रॉयल क्रेसेंट' म्हणून तीस घरांची एक ओळ आहे. आपली आळीच म्हणा ना, फक्त चंद्रकोरीसारखी वळलेली. 1767 साली तिचे बांधकाम सुरू झाले आणि सात-आठ वर्षे चालले. आराखडा जॉन वुड या धाकट्या वुडचा. त्याचा बापही याच धंद्यातला, आणि नावही तेच. त्या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज राजे झाले, म्हणून या धाटणीला जॉर्जियन म्हणतात. मधासारख्या रंगाचा दगड, तळमजला साधा, त्यावर 114 उंच खांबांची रांग, आणि वर-खाली सरकणाऱ्या, एका मापाच्या खिडक्या. कोणाचे घर कोठे संपते, हे दारे मोजल्याशिवाय कळत नाही.

खरी गंमत मागच्या बाजूस आहे. वुडने फक्त दर्शनी बाजू ठरवून दिली. ज्याने जेवढी रुंदी विकत घेतली, त्याने तेवढ्या भागामागे आपल्या सोयीचे घर बांधले. त्यामुळे पुढून पाहावे तर साऱ्या सख्ख्या बहिणी, आणि मागून पाहावे तर एक उंच, एक ठेंगणी, एकीचे पोट पुढे आलेले! तोंड सर्वांचे एक, पोट ज्याचे त्याचे, असा हा करार. हा करार ज्या भिंतींवर उभा, त्या दोघांच्या सामाईक. 1666 साली लंडन जळाले, तेव्हापासून तेथे अशा भिंतीला फार महत्त्व आले. एका घरची आग दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून ती किती जाड असावी, हे 1774 च्या लंडनच्या कायद्याने घराच्या प्रतीप्रमाणे ठरवून दिले.

आता आपल्याकडे या. ती ओळ बांधली जात असतानाच, 1768 साली, वाईजवळचे मेणवली गाव नाना फडणविसांना इनाम मिळाले. नानांचा जन्म 1742 चा, आपल्या साताऱ्यातलाच. त्यांनी तेथे कृष्णेकाठी वाडा, घाट आणि देवळे बांधली. दगडी जोते, सागवानी खांब, एकामागे एक चौक आणि भिंतींवर चित्रे. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे तेथेच राहिल्या. इंग्रजी घर रस्त्याकडे तोंड करून उभे राहते. वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून आपल्याच चौकाकडे पाहतो.

मेणवलीचा वाडा थोरामोठ्यांचा आणि मोकळ्या जागी एकटा उभा. आपल्या आळीतली घरे म्हणजे त्याचीच लहान भावंडे. ओटा, देवडी, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, परसदार, सारे एका रेषेत. ओळीतल्या घराला दोन्ही अंगांनी शेजार असतो, तिथे खिडकी ठेवता येत नाही. मग उजेड यावा कोठून? इंग्रजाने पुढे आणि मागे मोठ्या खिडक्या ठेवल्या. आपण मध्ये चौक ठेवला. अडचण एकच, उत्तरे मात्र दोन!

पण भगिनींनो, बाईमाणसाच्या नजरेने पाहिले तर दोन्हीकडचे कौतुक जरा आवरते घ्यावे लागते. तिकडे स्वयंपाकघर बहुधा तळघरात. मोलकरणींनी कोळसा आणि पाणी मजलोमजली चढवायचे आणि रात्री छपराखालच्या खोलीत निजायचे. आपल्याकडे माजघर अंधारे, आणि चुलीच्या धुराने डोळे चोळीत आमच्या आज्यांचा जन्म गेला. तेव्हा जुने सारेच जपा, असे मी म्हणणार नाही. जपायचे काय आणि बदलायचे काय, हे मात्र आपल्याला कळले पाहिजे.

तिकडे 1947 च्या कायद्याने अशा घरांच्या याद्या केल्या. रॉयल क्रेसेंट आता पहिल्या प्रतीत आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात तेथल्या 22 क्रमांकाच्या घरातील बाईंनी आपले पुढचे दार पिवळे रंगवले. नगरपालिकेने हुकूम काढला, दार पांढरे करा. बाई हटल्या नाहीत. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले, आणि दार पिवळेच राहिले! मला यात दोघांचेही बरोबर वाटते. ओळ सांभाळण्यासाठी कोणीतरी हटकायला हवे, आणि घरात राहणारीचेही ऐकायला हवे.

मुंबईत 1995 साली वारसा जपण्याचे नियम झाले, आणि हॉर्निमन सर्कलच्या गोलाकार इमारती त्यांच्या आधाराने उभ्या आहेत. आपल्या राज्याचा 1960 चा कायदा प्राचीन स्मारकांसाठी. सामान्य माणसाच्या चार खणी घराला अशा यादीत जागा मिळणे अवघडच. तेव्हा आपली ओळ आपणच सांभाळायला हवी.

आमच्या ओळीतले एक घर पावसाळ्याच्या तोंडावर पाडले गेले. घरमालकाला दोष देववत नाही. भाऊ पाच, वाटे पाच, छप्पर गळके. पण शेजारच्या काकूंच्या ज्या भिंतीला कधी पाऊस लागला नव्हता, ती उघडी पडली. मातीची भिंत ती, श्रावणापर्यंत फुगली. काकू अजून त्या खोलीत निजत नाहीत. सांगलीत 2019 च्या महापुरात आमच्या सासरच्या घराचीही एक भिंत बसली, पण लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी राहिल्या. म्हणून ते घर पुन्हा उभे करता आले.

यावरून काही गोष्टी सुचवते. घर पाडायचे ठरले तर आधी शेजारी सांगावे. सामाईक भिंतीचे मोजमाप आणि फोटो घेऊन दोघांच्या सह्या कराव्यात. उघडी पडणारी भिंत झाकण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच लिहून ठेवावे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. चुन्याचा करावा. स्वयंपाकघराला मोठी खिडकी पाडा, न्हाणीघर घरात आणा, खुशाल आणा! पण ओट्याची रेषा, चौकाचा उजेड आणि शेजारणीची भिंत, या तीन गोष्टींना हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आणि मंडळाने एक वही घालावी. आपल्या पेठेतले घर किती खणांचे, चौक आहे का, आड आहे का, भिंत कोणाशी सामाईक, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढावे. दर महिन्याला दोन घरे झाली, तरी पुढच्या वर्धापनदिनापर्यंत चोवीस होतील. सरकारची यादी होईल तेव्हा होवो, आपली तर तयार असेल. पहिले घर माझे घ्या. चहा मी करीन.