संमतीविना पसरवलेले छायाचित्र : कायद्यातील जबाबदारी

खासगी क्षणाचे छायाचित्र काढू दिले म्हणजे ते इतरांना दाखवण्याची परवानगी दिली, असे होत नाही. भारतीय फौजदारी कायद्यात हे तत्त्व २०१३ मध्ये स्पष्ट शब्दांत आले. त्या वर्षी दंड संहितेत कलम ३५४ क घालण्यात आले आणि त्याच्या स्पष्टीकरणात लिहिले गेले की, स्त्रीने चित्रण करू देण्यास संमती दिली असली, पण ते तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोचवण्यास दिली नसली, तर पसरवणारा गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान १ आणि कमाल ३ वर्षे कैद, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षे. पूर्वीच्या कलमात आरोपी पुरुषच असू शकत होता. आता कोणीही असू शकतो. पीडित व्यक्ती मात्र या कलमात स्त्रीच आहे.

पुरुषाचे असे चित्रण पसरले तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाकडे वळावे लागते. त्यातील कलम ६६ ई कोणत्याही व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगते. कलम ६७ अश्लील मजकुरासाठी, तर ६७ ए लैंगिक कृतीच्या चित्रणासाठी आहे. ६७ ए खाली पहिल्याच दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यवहारात हा फरक मोठा आहे. ६६ ई आणि ६७ खालचा पहिला गुन्हा जामीनपात्र, ६७ ए खालचा अजामीनपात्र. फिर्यादीत कोणते कलम लागले यावर आरोपी दुसऱ्या दिवशी गावात हिंडणार की नाही, हे पुष्कळदा ठरते.

चित्र प्रत्यक्ष पसरवलेलेच असले पाहिजे असेही नाही. ‘पैसे दे, नाहीतर ग्रुपवर टाकतो’ ही धमकी देऊन पैसे घेतले तर न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी होते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पैसे मागितले नाहीत, पण स्त्रीच्या चारित्र्याला काळिमा लावण्याचा धाक घातला, तरी कलम ३५१ तितकीच कैद सांगते. धमकी देणारा नवराच असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मागता येतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बातमी पसरते ती गावकीच्या, भावकीच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव तिथे सर्रास ऐकू येतो आणि कायद्यात त्याला जागा नाही. कलम ६७ व ६७ ए मध्ये ‘पाठवणे’ हाच स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ चित्र कोणी काढले याच्याशी पाठवणाऱ्याच्या जबाबदारीचा संबंध नाही. ग्रुप ॲडमिनची गोष्ट वेगळी. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ठरवले की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय, ॲडमिनला दोषी धरता येणार नाही. निर्णय रास्त आहे. पण चित्र दिसल्यावरही ते ग्रुपवर राहू देणारा ॲडमिन कायद्याने सुटला, तरी निर्दोष म्हणवून घेण्याजोगा उरत नाही.

खरी अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांची. बारामती आज उसाच्या फडातील एआयच्या प्रयोगासाठी देशभर ओळखली जाते. त्याच तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या एका शाखेमुळे मुलीचा इन्स्टाग्रामवरचा साधा फोटो काही मिनिटांत नग्न चित्रात बदलता येतो. इथे कोणी कॅमेरा लपवलेला नसतो आणि चित्रातले शरीर तिचे नसते. कलम ७७ आणि ६६ ई ही दोन्ही कलमे खऱ्या शरीराचे चित्र टिपले गेले, असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. त्यामुळे आरोपीचा वकील विचारू शकतो : हे अवयव फिर्यादीचे आहेत काय?

उत्तर इतर कलमांत शोधावे लागते. कलम ६७ आणि ६७ ए चित्र खरे की बनावट हे विचारत नाहीत, म्हणून तीच पहिली लागतात. त्यांच्या जोडीला न्याय संहितेचे ३३६ (४), म्हणजे लौकिकाला हानी पोचवण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करणे, ७९, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, आणि ३५६, म्हणजे बदनामी. खटला उभा राहतो. पण मुख्य कलम अश्लीलतेचे असते, संमतीचे नसते. मजकूर समाजाच्या नीतीला किती बाधक, असा प्रश्न न्यायालयापुढे जातो. त्या स्त्रीवर काय अन्याय झाला, हा मागे पडतो.

मुलांच्या बाबतीत संसदेने ही चूक ठेवलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पोक्सो कायद्यातील बाल-अश्लील चित्रणाच्या व्याख्येत संगणकाने तयार केलेली, खऱ्या बालकापासून वेगळी ओळखता न येणारी प्रतिमा आणि फेरफार करून बालक दाखवणारी प्रतिमा दोन्ही आल्या. अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणारा शिक्षक किंवा मुख्याध्यापक स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण मिटवणाऱ्या संस्थाचालकांनी हे ध्यानात घ्यावे. सतरा वर्षांच्या मुलीला जे स्पष्ट संरक्षण आहे, ते अठरा पूर्ण होताच विरघळावे याला काहीही समर्थन नाही.

संकेतस्थळे आणि समाजमाध्यमे यांची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालच्या २०२१ च्या नियमांनी बांधली. नग्नता, लैंगिक कृती किंवा फेरफार केलेली प्रतिमा यांबद्दल पीडित व्यक्तीने तक्रार केल्यास २४ तासांत मजकूर हटवावा असा नियम होता; फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत २ तासांवर आली. अमेरिकेच्या २०२५ च्या कायद्यात ती ४८ तास आहे. मुदत न पाळणाऱ्या कंपनीला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ चे संरक्षण गमवावे लागू शकते. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, समाजमाध्यमांवरील साधे फोटो अश्लील संकेतस्थळावर टाकले जाण्याच्या प्रकरणात, शोधयंत्रांनाही ते शोधातून काढण्याचे आदेश दिले होते. मूळ फोटो अश्लील नसला, तरी संमतीविना अशा ठिकाणी टाकणे हीच हानी, हा त्या निकालाचा गाभा आहे.

फिर्याद बारामती शहर, बारामती तालुका, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर अशा कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ असे सांगून परत पाठवता येत नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ हद्दीबाहेरचा दखलपात्र गुन्हाही नोंदवायला सांगते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर स्त्रिया व मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

पुष्कळ खटले पुराव्यापाशी ढासळतात. घाबरून घरचे लोक फोनमधले सगळे पुसून टाकतात, आणि त्यासोबत पाठवणाऱ्याचा क्रमांक, वेळ, दुवा हेही जाते. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयात सादर झाले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच. साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आज हेच मागते. नुसती स्क्रीनशॉटची छापील प्रत पुरत नाही. पुरावा नीट आला तर शिक्षा होते : पश्चिम बंगालमधील तमलूकच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये प्रेयसीची चित्रफीत पसरवणाऱ्याला ५ वर्षे कैद दिली.

महाराष्ट्राने स्वतःचा प्रयत्न केला होता. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या शक्ती विधेयकात संपर्कसाधनांवरून स्त्रियांना होणाऱ्या छळासाठी वेगळे कलम होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा झाले नाही. बनावट चित्र, खरे चित्र, स्त्री, पुरुष असा भेद न करता केवळ संमतीवर उभे असलेले एक कलम केंद्रानेच केले पाहिजे.

आणखी एक उणीव त्याच वेळी भरून काढावी. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते. ही मनाई ज्या कलमांना लागू आहे, त्यांत कलम ७७ नाही. पोक्सोमध्ये मात्र बालकाचे नाव, शाळा, शेजार यांपैकी काहीही छापता येत नाही. इंदापूरसारख्या तालुक्यात गावाचे नाव, कॉलेज आणि वर्ग एवढे छापले की मुलगी कोण हे सगळ्यांना कळते. कायदा बदलेपर्यंत स्थानिक वृत्तपत्रांनी आणि यूट्यूब वाहिन्यांनी पोक्सोचाच नियम सज्ञान पीडितांनाही लावावा, आणि तो आजपासून लावावा.